चाकनिर्मितीचे बदलते स्वरूप : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके प्रामुख्याने गडकोटांमुळे व मावळ खोऱ्यांमुळे इतिहासात परिचित आहेत. हिरडस मावळ व गुंजण मावळ या खोऱ्यांच्या डोंगराळ मुलखात वाहतुकीचे साधन नेहमीच चढ, उतार आणि पाऊस यांच्या कसोटीला उतरावे लागले. चाक कोणत्या पदार्थाचे आहे यावर ते कोण घडवतो आणि कोण दुरुस्त करतो हे ठरते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने चाकाच्या स्थित्यंतराचा विचार केला आहे.

लाकूड आणि लोखंड

बलुतेदारीच्या व्यवस्थेत सुतार व लोहार यांचे स्थान वरच्या ओळीत होते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे आणि परिघाचे तुकडे सुतार घडवीत असे. त्यासाठी बाभळीचे लाकूड वापरले जाई. लोहार लोखंडी धाव तापवून चढवीत असे. पाणी ओतताच ती आकसून सर्व सांधे घट्ट आवळले जात. उन्हात लाकूड सुकून चाक ढिले झाले, तरी त्याची दुरुस्ती गावातच होई. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि या कारागिरीचा आधार खचला.

पोलाद आणि ॲल्युमिनियम

लाकडी चाकाचे आरे भार दाबाने पेलतात; सायकलच्या चाकात मात्र तारांचा ताण महत्त्वाचा असतो. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी तिरप्या तारांच्या रचनेचे एकस्व घेतले, तर १८८८ मध्ये जॉन डनलप यांनी हवेचा टायर प्रचारात आणला. भारतात दीर्घकाळ पोलादी रिम रूढ राहिली. ॲल्युमिनियमची रिम तिच्याहून हलकी, न गंजणारी आणि पावसात ब्रेकला अधिक चांगली पकड देणारी ठरली. पदार्थ बदलला तरी तारा कसून चाकाचा ‘आउट’ काढण्याचे कसब सायकल दुकानदाराच्या हातीच राहिले.

कार्बन

कार्बनची रिम तंतूंचे कापड व राळ साच्यात घालून उष्णता व दाब यांखाली घडवली जाते. ती हलकी असते आणि तिला वारा कापणारा खोल आकार देता येतो. तथापि वरंधा घाटासारख्या दीर्घ उतारावर रिमवर ब्रेक घासल्यास उष्णतेने राळ मऊ पडण्याचा धोका असतो. ॲल्युमिनियम ती उष्णता लवकर बाहेर टाकते. डिस्क ब्रेकमुळे ही अडचण दूर झाली. रस्त्यावरील शर्यतींत या ब्रेकना २०१८ मध्ये कायम मान्यता मिळाली. जानेवारी २०२६ मधील ‘पुणे ग्रँड टूर’ या आंतरराष्ट्रीय शर्यतीच्या मार्गात भोर व राजगड या तालुक्यांचाही समावेश होता. ज्या मुलखात एकेकाळी धाव चढवली जाई, तेथूनच आधुनिक स्पर्धेची चाके धावली.

समारोप

कार्बनच्या चाकाच्याही तारा दुकानात कसता येतात. परंतु तडा गेलेली रिम स्थानिक कारागिराच्या आवाक्यात राहत नाही. ॲल्युमिनियमची रिम बहुधा वाकून पूर्वसूचना देते आणि वितळवून पुन्हा वापरता येते. शर्यतीसाठी कार्बन श्रेयस्कर असला, तरी दूध, शाळा आणि बाजार यांसाठी सायकल वापरणाऱ्यास दुरुस्तीची सोय वजनाइतकीच मोलाची असते. चाक हलके होत गेले, तसतसे ते घडविण्याचे ज्ञान गावापासून दूर गेले, हे या स्थित्यंतराचे सार होय.