उपमानाचा मुलूख

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात अठराव्या शतकापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थिरावली. १८५४ साली राज्य खालसा झाले, तरी त्यांतील अनेक तेथेच राहिली. रायपूरच्या पुरानी बस्तीच्या परिसरात घरची मराठी, बाजारची छत्तीसगढी व हिंदी आणि शाळेतील इंग्रजी एकत्र नांदू लागल्या. या शेवटच्या भाषेत विद्यार्थी अडत असे तो केवळ शब्दांपाशी नव्हे, अलंकारांपाशीही.

वस्तुतः ही अडचण येऊ नये. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि वाचक शब्द ही उपमेची चार अंगे आपल्या परंपरेत शतकानुशतके शिकविली गेली. तेव्हा सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, असे समीकरण मांडणे सोपे होते. पण मेटॅफरचा पैस रूपकाहून मोठा आहे. रूपकात उपमेय व उपमान दोन्ही दिसतात. उपमेय गिळून केवळ उपमानच उरले, तर मम्मट त्यास अतिशयोक्ती म्हणतो; नित्याच्या बोलण्यातील असे प्रयोग लक्षणेत जातात. इंग्रजी या साऱ्यांना एकच नाव देते. रूपकाची दोन पदे शोधणाऱ्यास ती सापडत नाहीत आणि तो शब्दशः अर्थ धरून बसतो.

अलंकार ओळखला, तरी उपमानाचा मुलूख ओळखावा लागतोच. शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीतात प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्यातील दिवसाशी येते. ज्या रायपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेथे ही तुलना स्तुती कशी वाटावी? इंग्रजी स्वागत उबदार असते. मराठी माणसाचा जीव मात्र ‘निवतो’. उलट काही प्रतिमा दोन्हीकडे सारख्याच वाहतात. इंग्रजी करन्सी आणि मराठी ‘चलन’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी गतीच आहे.

हा भेद पारखण्याचे शिक्षण भाषांतरातून मिळते. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांचे शालेय शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. पेंड्र्याच्या राजकुमाराचे ते शिक्षक होते. तेथूनच १९०० साली त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक रामराव चिंचोलकरांसह काढले. प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. पुढे काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी त्यांनी अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम केले. ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ही त्यांनीच हिंदीत नेले.

त्यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ (१९०१) या कथेत विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला मातीची एक टोपली उचलवत नाही. मग हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहणार, असे ती विचारते. येथे ‘सारखा’ हा शब्द नाही, रूपकाचे जोडपदही नाही. डोळ्यांपुढची मातीच अन्यायाचे वजन होते. ओझे पाठीला कळते, म्हणून हे उपमान मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीतही तितकेच जड राहते. उन्हाळ्याचे तसे नाही. त्याचा अर्थ अक्षांशागणिक पालटतो. अलंकाराचे नाव व्याकरण सांगते. तो कोणत्या मातीतून उगवला, हे मात्र वाचकालाच शोधावे लागते.