संगणकाचे परीक्षण : निकालाआधी पद्धत पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले, की परभणीच्या बाजारपेठेतील संगणकाच्या दुकानांत पालकांची वर्दळ वाढते. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा येथून मुलांसह आलेल्या पालकांपैकी अनेकांजवळ एक यादी असते. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, लॅपटॉप कोणत्या कंपनीचा, हे तीवर लिहिलेले असते आणि ती बहुधा कोठल्या तरी परीक्षणावरून उतरवलेली असते. मध्यमवर्गीय कुटुंबात अशी खरेदी काही वर्षांतून एकदाच होते. दुकानात दहा मिनिटे चालवून पाहिल्याने यंत्राचे गुणदोष कळत नाहीत. ज्याने ते आधी तपासले त्याच्या शब्दावर विसंबण्यावाचून ग्राहकाला गत्यंतर नसते. म्हणूनच तो शब्द कितपत स्वतंत्र आहे, हा थेट खिशाशी निगडित असा प्रश्न ठरतो.

परिचय आणि परीक्षण

संगणकाविषयीचे लेखन ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. कंपनीच्या पत्रकातील माहिती वाचकांपर्यंत पोहोचवणे हा परिचय. यंत्र प्रत्यक्ष वापरून, मोजमापे घेऊन आणि त्याच किमतीच्या इतर यंत्रांशी तुलना करून मत देणे हे परीक्षण. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ही सीमारेषा अनेकदा पुसट झालेली दिसते, हे मान्य केले पाहिजे. वार्ताहराजवळ प्रयोगशाळा नसते, कंपनीचे पत्रक मात्र वेळेवर हाती पडते. परिचय लिहिण्यात गैर काहीच नाही. त्याला परीक्षणाचे नाव देणे ही वाचकांची दिशाभूल होय.

जाहिरात ही बातमीपासून स्पष्टपणे वेगळी दिसली पाहिजे, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत नमूद आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'चा प्रश्न देशभर गाजला, तेव्हा चर्चा राजकीय बातम्यांची झाली. परंतु पैसे घेऊन छापलेली स्तुती उमेदवाराची असो वा मदरबोर्डची, वाचकांची फसवणूक सारखीच.

नमुना कोणाचा?

परीक्षणाच्या स्वातंत्र्याची पहिली कसोटी म्हणजे तपासलेली वस्तू आली कोठून. अमेरिकेतील 'कन्झ्युमर्स युनियन' ही संस्था १९३६ मध्ये स्थापन झाली. तपासावयाच्या वस्तू ग्राहकाप्रमाणे बाजारातून विकत घ्यायच्या आणि आपल्या नियतकालिकात जाहिराती छापायच्या नाहीत, असा तिचा दंडक आहे. जर्मनीत १९६४ मध्ये स्थापन झालेली 'श्टिफ्टुंग वारेनटेस्ट' हीदेखील वस्तू निनावी खरेदी करून तपासते.

संगणकाच्या क्षेत्रात हा दंडक पाळणे अवघड जाते. नवे ग्राफिक्स कार्ड ज्या दिवशी बाजारात येते त्याच दिवशी त्याचे परीक्षण वाचकांना हवे असते. म्हणजे नमुना आधीच हाती हवा, आणि तो कंपनीच देऊ शकते. कंपनीने पाठवलेला नमुना निवडक असण्याची शक्यता असते आणि पुढचा नमुना मिळावा ही परीक्षकाची गरज असते. डिसेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट व एएमडी यांनी विंडोज व्हिस्टाच्या निमित्ताने काही लेखकांना महागडे एसर फेरारी लॅपटॉप पाठवले, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला होता. नमुना परत करणार की ठेवून घेणार, हे वाचकांना सांगणे ही किमान अपेक्षा मानली जाते.

नमुना विकत घेतला तरी प्रश्न संपत नाही. क्रुशियल कंपनीच्या 'पी २' या साठवणूक ड्राइव्हमधील मेमरीचा प्रकार नाव न बदलता बदलण्यात आला आणि नव्या मालाचा वेग घटला, हे २०२१ मध्ये परीक्षकांनी बाजारातून पुन्हा खरेदी करून उघडकीस आणले. आधीच्या मालाची प्रशंसा वाचून ज्यांनी खरेदी केली, त्यांच्या पदरात वेगळीच वस्तू पडली होती. चांगले परीक्षण म्हणूनच तपासणीची तारीख देते आणि गरज पडल्यास फेरतपासणी करते.

दबाव आणि धैर्य

स्वतंत्र परीक्षणाने काय साधते, याचे ठळक उदाहरण ऑगस्ट २००० मधील आहे. इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झ वेगाचा पेंटियम ३ प्रोसेसर नुकताच बाजारात आणला होता. 'टॉम्स हार्डवेअर'चे संस्थापक थॉमस पाब्स्ट हे मूळचे डॉक्टर. काही विशिष्ट कामे करताना हा प्रोसेसर बंद पडतो, असे त्यांच्या चाचण्यांत आढळले. इतर परीक्षकांनाही तोच अनुभव आल्यावर इंटेलने महिनाभरातच तो परत मागवला. येथे एकाची चाचणी दुसऱ्याला करून पाहता आली, हे महत्त्वाचे.

चाचणीलाच चकवण्याचे प्रकारही घडले आहेत. 'थ्रीडी मार्क ०३' या प्रमाण-चाचणीची निर्माती असलेल्या फिनलंडच्या फ्यूचरमार्क कंपनीने मे २००३ मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. एनव्हिडियाचे चालक सॉफ्टवेअर ही चाचणी ओळखून गुण फुगवते, असे तीत म्हटले होते. चाचणीत दुरुस्ती केल्यावर एका कार्डाचे गुण सुमारे २४ टक्क्यांनी घसरले. स्पर्धक एटीआयच्या कार्डाचे गुणही सुमारे दोन टक्क्यांनी उतरले. पुढे काही दिवसांतच फ्यूचरमार्क व एनव्हिडिया यांनी संयुक्त निवेदन काढून भाषा सौम्य केली. चाचणी घेणाऱ्यावरही किती भार येतो, हे त्यावरून दिसले.

डिसेंबर २०२० मध्ये 'हार्डवेअर अनबॉक्स्ड' या ऑस्ट्रेलियातील परीक्षकांना एनव्हिडियाने कळवले, की आमच्या 'रे ट्रेसिंग' या वैशिष्ट्यावर तुमचा पुरेसा भर नाही, सबब यापुढे नमुने मिळणार नाहीत. ते पत्र उघड होताच टीका झाली आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. परीक्षकाने काय तपासावे हे कंपनीने ठरवू नये, हा मुद्दा त्या वेळी अन्य परीक्षकांनीही उचलून धरला होता.

कृषी विद्यापीठाचा धडा

निःपक्षपाती चाचणी म्हणजे काय, हे परभणीला नव्याने सांगण्याची गरज नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या येथील कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर हे काम वर्षानुवर्षे चालते. नवे वाण तपासताना शेजारीच तुल्य वाण पेरतात, पेरणीच्या अनेक पुनरावृत्ती घेतात आणि चाचणी एका हंगामावर वा एका ठिकाणावर सोडत नाहीत. अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत वाणाला सांकेतिक क्रमांक दिला जातो, जेणेकरून निरीक्षकाचे मन नावाकडे झुकू नये.

संगणकाच्या परीक्षणालाही हेच लागू पडते. तुलनेसाठी समान किमतीचे दुसरे यंत्र हवे. चाचणी एकापेक्षा अधिक वेळा घेऊन सरासरी द्यावी. वापरलेले सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती आणि सोबतचे सुटे भाग नोंदवावेत, म्हणजे इतरांना ती पडताळता येईल.

बेचाळीस अंशांतील संगणक

ठिकाणाचा मुद्दा मराठवाड्यात विशेष महत्त्वाचा आहे. बहुतेक परीक्षणे वातानुकूलित खोलीत, २० ते २५ अंश तापमानात होतात. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. खोलीचे तापमान जितके वाढते, साधारण तितकेच आतील भागांचेही वाढते. २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ९२ अंशांच्या आसपास पोहोचेल. शंभर अंशांच्या जवळ गेल्यावर अनेक प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतात. परीक्षणात वाचलेला वेग मग घरी मिळत नाही, आणि दोष मात्र दुकानदाराच्या माथी येतो.

विजेची कथाही अशीच. व्होल्टेज खाली-वर होणे, वीज अचानक जाणे, धूळ या गोष्टी महानगरांतील परीक्षणांत अभावानेच येतात. पॉवर सप्लाय, यूपीएस आणि पंखे हे भाग तेथे एका ओळीत उरकले जातात. येथे मात्र यंत्र किती काळ टिकणार हे बऱ्याच अंशी त्यांवर अवलंबून असते. परीक्षक प्रामाणिक असूनही त्याचा निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. चाचणीच्या खोलीचे तापमान लिहिलेले असेल, तर वाचक आपल्यापुरता हिशेब तरी करू शकतो.

कायद्याचा आधार

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याखालील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वस्तूची शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी आर्थिक वा अन्य लागाबांधा असल्यास तो उघड करणे त्यानुसार बंधनकारक आहे. खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीतील शिफारशीसाठी दहा लाखांपर्यंत, तर पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खरेदीदारांच्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आयएस १९०००' हे मानक आणले, तेव्हा ते ऐच्छिक ठेवण्यात आले.

२०१९ च्या कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. त्यामुळे पुण्याहून वा ऑनलाइन मागवलेल्या संगणकाविषयी परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी पावती आणि मूळ जाहिरात जपून ठेवावी. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

वाचकांनी काय पाहावे?

- नमुना विकत घेतला की कंपनीने दिला, हे सांगितले आहे काय?
- त्याच पानावर त्याच कंपनीची जाहिरात आहे काय? असल्यास दोन्हींत स्पष्ट भेद दिसतो काय?
- तुलनेसाठी दुसरे यंत्र घेतले आहे काय?
- चाचणीची तारीख, पद्धत आणि खोलीचे तापमान दिले आहे काय?
- किमान एक दोष मोकळेपणाने सांगितला आहे काय?
- आधीची चूक लक्षात आल्यावर दुरुस्ती छापण्याची प्रथा तेथे आहे काय?

यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर तो मजकूर परिचय समजून वाचावा. खरेदीची यादी करण्यापूर्वी किमान दोन स्वतंत्र परीक्षणे पडताळावीत आणि तेच यंत्र एक उन्हाळा वापरलेल्या ओळखीच्या माणसाला त्याचा अनुभव विचारावा.