गवतावर जगणारं माकड : शेकडो गेलाडा एकाच कळपात कसे राहतात?

सिंहासारखी आयाळ, छातीवर लालभडक त्वचा आणि खाणं मात्र गाई-म्हशींसारखं. गेलाडा हे माकड जगात फक्त इथिओपियाच्या उंच पठारांवर आढळतं. त्याला अनेकदा बबून म्हटलं जातं, पण ते बबूनचं जवळचं नातेवाईक आहे. त्याच्या थेरोपिथेकस या गटातल्या बाकीच्या जाती केव्हाच नामशेष झाल्या.

खातात काय?
मुख्यतः गवत. दिवसभर बसल्या जागी सरकत गेलाडा दोन्ही हातांनी गवत खुडतात. रात्री बिबट्या, तरसापासून वाचण्यासाठी उभ्या कड्यांवर झोपतात.

कळप एवढा मोठा कसा?
गवत सगळीकडे पसरलेलं असतं, त्यामुळे त्यावरून फारशी भांडणं होत नाहीत. एक प्रमुख नर, काही माद्या आणि पिल्लं असं एक कुटुंब असतं. अशी अनेक कुटुंबं एकत्र चरतात आणि कळप कधी हजाराच्या घरात जातो. कुटुंबाचा कणा म्हणजे एकमेकींच्या नात्यातल्या माद्या. त्या जन्मभर सोबत राहतात. नर मात्र बदलतात.

सत्ता बदलली की काय होतं?
बाहेरचा तरुण नर जुन्याला हरवतो आणि अनेकदा त्याची पिल्लं मारतो. त्यामुळे आई लवकर पुन्हा गाभण राहू शकते. सिमियन पर्वतातला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवा नर आल्यावर सुमारे ८० टक्के गाभण माद्यांचा गर्भ पडल्याचं दिसलं. जन्मल्यावर मारलं जाण्याची शक्यता असलेल्या पिल्लावर शरीराची ताकद खर्च होऊ नये, असं त्यामागचं कारण संशोधक सांगतात. हरलेला नर काही वेळा त्याच कुटुंबात राहतो आणि आपल्या उरलेल्या पिल्लांना सांभाळतो.

लांडग्यांशी मैत्री?
ग्वासा भागात इथिओपियन लांडगे गेलाडांच्या कळपातून शांतपणे फिरतात. पिल्लांना सहसा हात लावत नाहीत, उंदरांची शिकार करतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कळपात असताना लांडग्यांचे ६७ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. एकटं असताना फक्त २५ टक्के.

मग धोका कशाचा?
शेती आणि गुरांची चराई डोंगरावर सरकते आहे. हवामान तापलं तर पिकंही अधिक उंचीवर घेता येतील. गेलाडा आधीच डोंगरमाथ्याजवळ राहतात. गवताळ कुरणं संपली, तर त्यांना आणखी वर जायला जागाच उरणार नाही.