तंजावरचा छापखाना

परकीय संस्कृतीचा प्रभाव इष्ट की अनिष्ट, हा वाद मराठीत अव्वल इंग्रजीच्या काळापासून चालत आला आहे. तंजावरच्या मराठी राज्याचा इतिहास या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊ देत नाही.

दुसरे सरफोजी राजे यांचे शिक्षण जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये कंपनीच्या पाठबळावर ते गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला तो किल्ला, वार्षिक एक लाख पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. एवढ्या ऐवजावर त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले व देवनागरी छापखाना उभारला. १८०६ मध्ये तेथे ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी भाषांतर छापले गेले. युरोपियांच्या ज्या संपर्कात राज्य गेले, त्याच संपर्कातून मुद्रणकला आली. परंतु काय घ्यावे हे सरफोजींनी स्वतः ठरविले. पाद्र्याच्या या शिष्याने धर्म सोडला नाही. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला.

येथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तंजावरात मराठी हीच मुळात परकी होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती व्यंकोजींच्या फौजेबरोबर आली. मराठी कीर्तनाच्या संस्कारातून तमिळ हरिकथेला आकार मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या दरबाराचा खर्च मात्र कावेरीकाठच्या तमिळ रयतेच्या महसुलातून भागत होता. इंग्रजांच्या देण्याघेण्याचा हिशेब मांडताना जे माप वापरायचे, तेच आपल्यालाही लावणे न्यायाचे ठरेल.

प्रभाव कोणत्या सत्तेबरोबर आला, एवढ्यावरून त्याची किंमत ठरत नाही. घेणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य किती होते आणि लाभ कोणापर्यंत पोहोचला, या दोन कसोट्या अधिक विश्वसनीय आहेत. पहिल्या कसोटीला सरफोजींचा छापखाना उतरतो. दुसरीला अपुरा पडतो, कारण त्याचा व्याप राजवाड्याच्या आश्रयापलीकडे फारसा गेला नाही. १८५५ मध्ये औरस पुत्र नसल्याचे निमित्त करून कंपनीने उरलेसुरले राजपदही संपविले. सरस्वती महाल मात्र टिकला आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. सरफोजींनी जमविलेल्या विद्येचा लाभ सामान्य वाचकाला मिळू लागला, तो तेव्हापासून.