फायटर मासा सुस्त पडलाय? खाणं वाढवण्याआधी हे तपासा

बेट्टा, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ‘फायटर’ म्हणतात तो मासा, एरवी माणूस जवळ आला की काचेपाशी धावत येतो. तोच मासा तळाशी पडून राहू लागला की घरातल्यांना पहिली शंका भुकेची येते आणि टँकमध्ये आणखी चार दाणे पडतात. बरेचदा दुखणं इथेच वाढतं. बेट्टा उपासमारीने सुस्त होण्याची शक्यता कमी असते. थंड पाणी, खराब पाणी आणि जास्त खाणं ही नेहमीची कारणं आहेत.

सुस्ती की नुसती विश्रांती?

बेट्टा रात्री झोपतो. दिवसाही पानावर किंवा तळाशी टेकून थोडा वेळ विसावतो. लांब परांच्या नराला तर पोहताना लवकर दम लागतो. जवळ गेल्यावर तो हलत असेल, खायला वर येत असेल आणि रंग नेहमीसारखा असेल, तर काळजीचं कारण नाही.

दिवसभर पडून राहणं, खाण्याकडे दुर्लक्ष करणं, पर अंगाशी मिटून घेणं, रंग फिका पडणं ही मात्र खरी लक्षणं आहेत. वयही लक्षात घ्या. बेट्टा साधारण २ ते ४ वर्षं जगतो आणि दुकानातून आणताना तो काही महिन्यांचा असतोच. म्हाताऱ्या माशाचा वेग कमी होणं स्वाभाविक आहे.

पहिलं कारण : थंड पाणी

बेट्टा मूळचा थायलंडचा. तिथल्या उथळ, संथ, झाडोऱ्याने भरलेल्या कोमट पाण्यात तो वाढतो. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

माशाच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर बदलतं. बेट्ट्याला २४ ते २८ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. पाणी त्याहून थंड झालं की त्याची हालचाल मंदावते, भूक मरते आणि पचनही थंडावतं. अशा वेळी खाल्लेलं पोटात पडून राहतं.

पुणे-नाशिककडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री किंवा रात्रभर एसी चालणारी खोली, दोन्हीकडे छोट्या बाऊलमधलं पाणी झपाट्याने गार होतं. म्हणून सुस्ती दिसली की आधी थर्मामीटर पाहा. पाणी थंड असेल तर थर्मोस्टॅट असलेला छोटा हीटर लावा आणि तापमान हळूहळू वाढू द्या. गरम पाणी ओतू नका. एकदम झालेला बदल माशाला सोसत नाही.

दुसरं कारण : न दिसणारी घाण

बेट्टा पृष्ठभागावर येऊन हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो. त्यासाठी त्याच्या डोक्यात एक खास अवयव असतो. यामुळेच तो बरणीतही तग धरतो आणि ‘याला थोडं पाणी पुरतं’ असा समज पसरला आहे. पण हवा घेता आली तरी पाण्यातल्या विषापासून सुटका होत नाही.

माशाचं उत्सर्जन आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो कल्ल्यांना इजा करतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही अमोनिया घातक पातळीवर असू शकतो. मुरलेल्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. बाऊलमध्ये ही सोय नसते.

टेस्ट किटने तपासल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. नसतील तर २५ ते ३० टक्के पाणी बदला. नवं पाणी साधारण त्याच तापमानाचं आणि अँटी-क्लोरीन घातलेलं असावं. सगळं पाणी एकदम काढून, फिल्टर नळाखाली धुऊन टँक ‘चकाचक’ करू नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या.

तिसरं कारण : जास्त खाणं

बेट्ट्याचं पोट अगदी लहान असतं, साधारण त्याच्या डोळ्याएवढं धरलं जातं. जास्त खाल्ल्याने पोट फुगतं, बद्धकोष्ठता होते आणि मासा तिरका पोहू लागतो किंवा तळाशी पडतो. न खाल्लेले दाणे कुजून अमोनिया वाढवतात. मासा आणखी मलूल होतो, खात नाही, आणि आपण पुन्हा दाणे टाकतो. हे चक्र तोडायला हवं.

पोट फुगलेलं दिसलं तर एक-दोन दिवस काहीच देऊ नका. निरोगी मोठा मासा तेवढा उपास सहज काढतो. त्यानंतर थोडा डॅफ्निया दिल्यास पोट साफ व्हायला मदत होते.

काय आणि किती द्यायचं?

बेट्टा मांसाहारी आहे. निसर्गात तो कीटक आणि डासांच्या अळ्या खातो.

- रोज : बेट्ट्यासाठीचे छोटे दाणे, सकाळ-संध्याकाळ २ ते ३. घटकांच्या यादीत मासे, कोळंबी किंवा कीटक सर्वांत आधी असावेत.
- आठवड्यातून एक-दोनदा : फ्रोझन ब्लडवर्म, डॅफ्निया किंवा आर्टेमिया. सुके ब्लडवर्म अगदी थोडे आणि भिजवून.
- टाळा : भात, चपाती, ब्रेड, बिस्किटं आणि गोल्डफिशचं खाणं. त्यात वनस्पतिजन्य घटक जास्त असतात. गटारातून आणलेल्या अळ्याही नकोत, त्यांच्यासोबत रोग येऊ शकतात.

काही मिनिटांत न खाल्लेलं बाहेर काढा. नव्याने आणलेला मासा एक-दोन दिवस खात नाही, त्याला वेळ द्या.

आजार कधी समजायचा?

अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके, सोनेरी धुळीसारखा थर, झिजणारे पर, किंवा पोट फुगून खवले उभे राहणं ही आजाराची चिन्हं आहेत. खवले उभे राहणं विशेष गंभीर आहे. अशा वेळी माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना विचारा. कारण न कळता मेथिलीन ब्लू किंवा अँटिबायोटिक टँकमध्ये ओतलं, तर फिल्टरमधले जिवाणूही मरू शकतात आणि पाणी आणखी बिघडतं.

थोडक्यात क्रम

आधी तापमान पाहा, मग अमोनिया तपासा, मग पोट आणि अंग निरखा. खाण्याचा विचार सगळ्यात शेवटी करा. मासा पुन्हा पुन्हा सुस्त पडत असेल तर बाऊल बदलणं हाच पक्का उपाय आहे. झाकण, हीटर आणि हळू चालणारा स्पंज फिल्टर असलेला सुमारे २० लिटरचा टँक घ्या. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा ठेवा, म्हणजे त्याला श्वासासाठी वर येता येईल.