हातात मावलेले जुने खेळ

१९८९मध्ये निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’ आला आणि खेळ खिशात आला; पण त्याला लागत खास त्याच्यासाठीच बनवलेल्या कार्ट्रिज. संगणकावरचे खेळ मात्र बराच काळ टेबलाशीच बांधलेले राहिले.

फेब्रुवारी २०२२मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम डेक’ आले. ते लिनक्सवर चालते. विंडोजसाठी बनवलेले खेळ त्यावर ‘प्रोटॉन’मुळे चालतात. म्हणून स्टीमवर पूर्वी घेतलेला २००२चा ‘मॉरोविंड’ पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. बटण दाबले की खेळ तिथेच झोपतो, उद्या तिथूनच उठतो. वर्षानुवर्षे अर्धवट राहिलेला खेळ असा रोज अर्धा-अर्धा तास देऊन पुरा होतो. या यंत्राची टिकाऊ गोडी हीच.

एक लक्षात ठेवू या: स्टीमवर आपण पैसे मोजतो ते खेळण्याच्या परवान्याचे. हातात आलेले सारे आपल्या मालकीचे असतेच असे नाही.