मोडावरून पडलेलं नाव

जून-जुलैत मासेमारी बंद असते. वरळी कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, ताजं म्हावरं दुर्मीळ होतं आणि सुक्या बोंबलांच्या जोडीला डब्यातले वाल बाहेर निघतात. पुढे श्रावणी सोमवार आले की वालाचा मान आणखी वाढतो.

‘वाल’ हा शब्द संस्कृत ‘वल्ल’चा. हस्ताचा हात झाला, सप्ताचे सात झाले, तसाच जोडाक्षरातलं एक व्यंजन गळून मागचा स्वर दीर्घ झाला. वल्ल हे वजनाचंही नाव होतं आणि सोनाराच्या काट्यावर गुंजेबरोबर वालही चालत असे.

खरी गंमत मोड आलेल्या वालांच्या उसळीला म्हणतात त्या ‘बिरडं’ या शब्दात आहे. संस्कृतात ‘विरूढ’ म्हणजे अंकुरलेलं, मोड आलेलं. बिरड्याची वाट मला तिथूनच येताना दिसते. व आणि ब यांची अदलाबदल जुनीच आहे. एकाच फुलझाडाला संस्कृतात वकुलही म्हणतात आणि बकुलही. शेवटचा ढ बोलण्यात सहज ड होतो, दाढीची ‘दाडी’ होते तसा. ‘विदल’ म्हणजे दोन दळांत फुटलेलं धान्य, हा शब्दही कानाला जवळचा वाटतो. पण तूरडाळ विदल असूनही तिच्या वरणाला कोणी बिरडं म्हणत नाही. मूग मात्र मोड आणून केले की त्यांचं बिरडं होतं. अर्थाचा कौल विरूढाच्याच बाजूने पडतो.

मोड आलेले वाल सोलले की त्यांच्या डाळिंब्या होतात. संस्कृत दाडिमाचं मराठीत डाळिंब झालं आणि त्या फळाच्या दाण्यांसारखे दिसणारे हे सोललेले वाल म्हणजे डाळिंब्या. कोळी बोलीत घोड्याचा घोरा, गाडीची गारी होते, ळ चा ल होतो. कोळीवाडा ‘कोलीवारा’ होतो त्याच चालीने डाळिंबीही तिथे ‘डालिंबी’ होते. बोलीचे हे बदल नेमाने होतात. त्यांना अशुद्ध म्हणणाऱ्यांनी हा नेम एकदा ऐकून पाहावा.

इंग्रजीत या जातीच्या पदार्थाला भट्टीवरून नाव मिळालं, बेक्ड बीन्स. हाइन्झचे डबे १८८६ साली लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या दुकानात पोचले, तेव्हा ती परदेशी चैन होती. आपल्याकडे नाव आचेवरून न पडता मोडावरून पडलं. ते मला जास्त योग्य वाटतं, कारण या पदार्थातलं मुख्य काम विस्तव पेटण्याआधीच होऊन गेलेलं असतं. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, ते पाणी टाकायचं, फडक्यात बांधून उबेला ठेवायचे. मोड आले की कोमट पाण्यात घालून सोलायचे. वालाचा कडवटपणा पुष्कळसा त्या टाकलेल्या पाण्याबरोबर जातो.

पुढचं काम सोपं. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. डाळिंब्या परतून, गरम पाणी घालून चुलीवर नीट उकळी आणायची आणि मग झाकणाच्या मातीच्या भांड्यात घालून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पाऊण तास ठेवायचं. ओव्हन नसेल तर मंद आच आणि वरच्या झाकणात पाणी. आमसूल आणि गूळ डाळिंब्या मऊ झाल्यावरच घालावेत. आंबट आधी पडलं तर दाणा लवकर शिजत नाही. शेवटी ओलं खोबरं.

या क्रियेला मराठीत काय म्हणावं? ‘भाजणे’ संस्कृत भृज्ज् धातूचं, त्यात कोरडी आच आहे. बंद भांड्यात, स्वतःच्याच वाफेत दाणा मऊ होतो त्याला मी ‘शिजणे’च म्हणेन. सिध्यति, प्राकृतात सिज्झइ, मराठीत शिजणे. इकाराआधीच्या स चा श होणं हा मराठीचा स्वभावच आहे. सिक्थाचं शीत झालं, आणि सीमेची शीव झाली, जिच्यावरून मुंबईतल्या शीवला नाव मिळालं. म्हणजे शिजणं आणि सिद्ध होणं मुळात एकच.

कोरड्या आचेचे वाल हवे असतील तर थंडीत अलिबाग-पेणकडे जावं. तिथे वालाच्या ताज्या शेंगा मीठ-ओवा लावून, भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून मडक्यात भरतात, मडकं उपडं ठेवून त्याभोवती पेंढा पेटवतात. ती पोपटी. त्यात बटाटे, रताळीही घालतात. गुजरातेत याच पद्धतीचं उंधियू. त्याचं नाव ‘ऊंधुं’ म्हणजे उपडं, या शब्दावरून आलं. तिथे नाव मडक्याच्या बसण्यावरून पडलं आहे, आणि पोपटीतल्या वालांना मोड आणायचे नसल्यामुळे तिला बिरडं म्हणण्याचा प्रश्नच येत नाही.